शेवटच्या भागाला आलेले पाहुणे

माझ्या मेव्हणीचं लग्न एका अंतराळयानामुळं मोडता मोडता राहिलं.

हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी माझ्याकडं बघितलं आणि मग माझ्या हातातल्या ग्लासाकडं. (ग्लासात ताक होतं. वासही घेऊन बघा म्हणालो तरी लोकांचा विश्वास बसत नाही!)

त्या यानाची गोष्ट अशी की, टीव्हीवर ‘दूरच्या सूर्याकडे’ नावाची एक मालिका लागायची. दर रविवारी, संध्याकाळी सहाला. पृथ्वी राहण्यालायक उरली नाही म्हणून काही माणसं यानात बसून नवी पृथ्वी शोधायला निघालेली. यानाचा कप्तान विराज. त्याच्या हाताखाली एक यंत्रमानव. त्या यंत्रमानवाचं मालिकेतलं नाव इंग्रजी आकड्यांचं होतं, पण अख्खं चाकूर त्याला ‘लोखंड्या’ म्हणायचं. यान थर्माकोलचं आहे हे पहिल्याच भागात उघडं पडलं होतं. कप्तानानं रागाच्या भरात भिंतीवर बुक्की मारली आणि भिंतच घाबरून मागं सरकली. पण कोणाचं काही अडलं नाही. माणसं यानात बसली ती बसलीच.

आणि सगळ्यात पुढच्या सीटवर बसले माझे सासरे!

मी त्यांना मामा म्हणतो. चाकूरला त्यांची शेती आहे, सोयाबीन आणि तूर. हा माणूस जन्मभर पाऊस येतो का एवढंच बघायला आकाशाकडं मान वर करायचा. आता अंगणात बाज टाकून मला सांगायला लागला, “जावईबापू, तो तांबडा चमकतो ना, तिथं उतरू नये बरं का. हवा न्हाई तिथं.” जसं काही मी दुसऱ्या दिवशी तिकडंच निघालो होतो!

मामा कप्तानाच्या बाजूचे. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, लोखंड्याच्या. “गुणाचं लेकरू हाय,” त्या म्हणायच्या. “खात न्हाई, पेत न्हाई, उलटून बोलत न्हाई. तुमचा कप्तान नुसता हुकूम सोडून राहिला.” यावर मामा जे बोलायचे त्यात कप्तान कमी आणि मामींचं माहेर जास्त असायचं. शेवटच्या भागाची जाहिरात सुरू झाली तेव्हा तर घरात उभी फूट पडली. यानातला प्राणवायू संपत आलेला, नवी पृथ्वी समोर दिसतेय, आणि इंजिनाचा दांडा धरून कोणीतरी एकानं मागं थांबायचं. कप्तान का लोखंड्या? मामा-मामी दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. (चहा मात्र वेळेवर होता. तत्त्व वेगळं आणि चहा वेगळा.)

नेमक्या त्याच रविवारी मी पाहुणे बोलावले.

पाहुणे बोलावले ते माझ्या मेव्हणीला, सारिकाला बघायला. सारिका लातूरला एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आलेली स्थळं एकेका वाक्यात परत पाठवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. एकानं विचारलं, “स्वयंपाक येतो का?” ती म्हणाली, “तुम्हाला येतो का?” संपलं. दुसरा म्हणाला, “नोकरी सोडावी लागेल.” ती म्हणाली, “सोडा की, मी कुठं अडवलंय?” तेही संपलं. मामींनी देव पाण्यात बुडवून ठेवायचे तेवढे बाकी होते.

शेवटी थोरला जावई म्हणून मी मनावर घेतलं. मी नांदेडला एका कचेरीत कारकून आहे. तिथंच माती तपासायच्या प्रयोगशाळेत प्रशांत नावाचा एक मुलगा आहे. सरळ, कमी बोलणारा. त्याचे आईवडील मुखेडचे, कापडाचं दुकान. मी सारिकाला फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “बघू, दाजी.”

‘बघू’! आमच्या घरात या शब्दावर मामींनी गोड केलं.

मग प्रशांतच्या वडिलांचा फोन आला. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी जरा घसा खाकरून विचारलं, “एक विचारू का, पाहुणे? तुमच्या सासुरवाडीला टीव्ही-बिव्ही बघतेत का हो?”

मी मनात म्हणालो, सोमनाथ, सांभाळ. माणूस शिस्तीचा दिसतोय. “छे, छे!” मी म्हणालो. “आमच्या मामांना त्या खोक्याचा भारी तिटकारा. घरात आहे एक, पण बंदच असतो.”

“अस्सं,” अप्पा म्हणाले. तो आवाज मला समाधानाचा वाटला. (माणसाचा आवाज ओळखण्यात मी किती हुशार आहे, हे आमच्या हिला विचारा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ‘काही नाही झालं मला’ याचा अर्थ मला लागलेला नाही.)

मी लगेच चाकूरला फोन लावला. “मामा, माणसं कडक आहेत. टीव्ही अजिबात चालत नाही त्यांना. रविवारी टीव्हीवर काहीतरी झाकण टाका.”

“रविवारी?” मामांचा आवाज खोल गेला. “किती वाजता?”

“चारला येतील.”

“सहाच्या आत जातेल ना? शेवटचा भाग हाय.”

“जातील की! आणि नाही गेले तर मोबाईलवर नंतर बघा ना.”

“मी शिळं बघत नसतो,” मामा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

रविवारी मी आणि आमची ही, वंदना, दुपारीच चाकूरला पोचलो. टीव्हीवर मामींनी रुखवतातलं भरतकामाचं कापड टाकलं होतं आणि त्यावर कळस म्हणून प्लॅस्टिकच्या फुलांची परडी. बघणाऱ्याला वाटावं, घरात एखादी समाधी आहे. चार वाजले. पाहुणे नाहीत. साडेचार. नाहीत. मामा दारात आणि घड्याळासमोर अशा येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी प्रशांतचा फोन आला. शिरूरच्या अलीकडं जीप पंक्चर झाली होती.

“मी जाऊन ढकलत आनू का?” मामांनी मला विचारलं. ते चेष्टा करत नव्हते.

पाहुणे आले तेव्हा पाच वाजून गेले होते. अप्पा, त्यांच्या मंडळी कमलबाई आणि प्रशांत. ‘शरणार्थ, शरणार्थ’ असे नमस्कार झाले. सगळे बसले. आणि बसल्या बसल्या अप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

मी टिपलं. म्हटलं, घर आवडलं नाही वाटतं.

वंदनानं फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, म्हणजे सुशीलेच्या बशा आणल्या. आमच्याकडं पाहुणचार म्हणजे नको नको म्हणत दोनदा वाढून घ्यायचं. अप्पांनी ‘नको’ म्हटलंच नाही. चार घासांत बशी रिकामी केली आणि घड्याळाकडं बघितलं. मामांनी तर त्यांच्याही आधी संपवली होती. दोघं रिकाम्या बशा मांडीवर घेऊन एकमेकांकडं बघत बसले, शर्यत संपलेल्या बैलांसारखे.

“चहा टाक गं,” मामी म्हणाल्या.

“चहा नको!” कमलबाई पटकन म्हणाल्या.

मुलगी बघायला आलेल्या बाईनं चहाला नको म्हणणं म्हणजे निकालच की!

“कशाला जबरदस्ती करून राहिल्या?” मामा मामींवर ओरडले. “नको म्हनतेत तर नको! त्यायला लांब जायचंय!”

आता कमलबाईंचा चेहरा उतरला. सोयऱ्याच्या घरी चहाचा आग्रह नाही? उलट जायची आठवण? त्यांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी घड्याळाकडं.

मी मध्ये पडलो. मध्ये पडणं हा माझा जुना आजार आहे. “अहो, चहा होईलच! निवांत बसा! आज कोणालाच काही घाई नाही!” असं म्हणून मी मोठ्यानं हसलो. माझ्याबरोबर कोणीही हसलं नाही. मामांनी तर माझ्याकडं असं बघितलं, जसं पिकात शिरलेल्या डुकराकडं बघतात.

सारिका बाहेर आली. हिरवी साडी, केसांत गजरा, चेहऱ्यावर ‘विचारा काय विचारायचं ते’.

“नाव काय, बाळ?” अप्पांनी विचारलं.

“सारिका.”

“छान!” अप्पा म्हणाले. “झालं आमचं.”

झालं? शिक्षण नाही, नोकरी नाही, चालून दाखव नाही, काही नाही! सारिकानं माझ्याकडं बघितलं. आजवर एका वाक्यात माणसं परत पाठवणारी ती. तिला पहिल्यांदाच कोणीतरी एका शब्दात संपवलं होतं. मामींच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

तेवढ्यात प्रशांत पहिल्यांदा बोलला. “मला जरा यांच्याशी बोलायचंय. चालेल का?”

मला त्याची पप्पी घ्यावीशी वाटली. “चालेल म्हणजे काय! वर गच्चीवर जा! अगदी सावकाश बोला!”

“दोन मिन्टं,” अप्पा आणि मामा एकदम म्हणाले.

दोघं वर गेले, वंदना सोबतीला म्हणून जिन्यात बसली. आणि खाली आम्ही. घड्याळाचा काटा सहाकडं सरकायला लागला. मामा पाय हलवत होते. अप्पा गुडघ्यावर बोटं वाजवत होते. कमलबाई पदराशी खेळत होत्या. मी पावसाबद्दल बोललो. सोयाबीनबद्दल बोललो. मुखेडच्या बाजाराबद्दल बोललो. भिंतीशी बोलल्यासारखं होत होतं. (थर्माकोलची तरी सरकली असती.)

“जावईबापू,” मामा शेवटी दात ओठ खात म्हणाले, “बघा जरा वर. झालं का त्यांचं.”

मी वर गेलो. जिन्यात वंदना बोट ओठांवर ठेवून बसली होती. गच्चीच्या कठड्याशी सारिका आणि प्रशांत उभे होते, आणि सारिका हसत होती. आमची सारिका! हसत!

“पोरींनो... म्हणजे... पाहुणे... आटपतंय का?” मी विचारलं.

“दाजी, जा ना तुम्ही!” सारिका म्हणाली.

मी खाली आलो आणि खूश होऊन सांगितलं, “त्यांना अजून बराच वेळ लागणार!”

खाली असा सन्नाटा पसरला की, मला वाटलं मी चुकून कोणाचं निधन जाहीर केलं.

आणि सहा वाजले. शेजारच्या घरातून मालिकेचं सुरुवातीचं संगीत दणदणत आलं. शेजारी रशीदभाई राहतात, त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. दिवसभर ठोकाठोक ऐकून त्यांना टीव्ही मोठ्यानंच लागतो. त्या संगीताबरोबर मामांचा पाय आपोआप ताल धरायला लागला. आता पाहुण्यांना कळणार! मी धावलो आणि खिडकी धाडकन लावून टाकली. “काय हा गोंगाट! लोकांना ना, टीव्हीशिवाय दुसरं काही सुचतच नाही!”

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या भाषणाचा परिणाम झाला असं समजून मी मान डोलावली.

मामा उठले. “म्हशीला पानी दावायचं राहिलं,” म्हणाले आणि मागच्या दारानं गेले. लगोलग अप्पा उठले. “मला जरा दुकानातून फोन यायचाय. इथं रेंज न्हाई दिसत,” म्हणाले आणि पुढच्या दारानं गेले. मग मामींना विरजण आठवलं. मग कमलबाई म्हणाल्या, “मी बी येते तुमच्यासंगं विरजनाला.” विरजणाला कोणी सोबत नेतं का? पण दोघी गेल्या.

मी एकटा उरलो. समोर रिकाम्या बशा, कापडाखाली टीव्ही, आणि मी. माझ्या लक्षात आलं की, स्थळ मोडलंय. पाहुणे न सांगता निघून चाललेत. मामा म्हशीपाशी रडत असतील. मी कशाबशा चपला शोधल्या आणि बाहेर धावलो.

म्हैस गोठ्यात होती. मामा नव्हते. (म्हशीपुढं पाणीही नव्हतं.)

मी बोळात वळलो. रशीदभाईंच्या घराला बोळाच्या बाजूनं एक खिडकी आहे. त्या खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरून, टाचा उंचावून, मामा उभे होते. मी हाक मारणार तेवढ्यात कोपऱ्याच्या पलीकडं काहीतरी हललं. वाकून बघितलं. घराच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीला अप्पा! त्यांनी तर पायाखाली दोन विटा घेतल्या होत्या. दोघांच्या मध्ये घराचा एक कोपरा. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही!

मी कोपऱ्यावर उभा राहून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिलो. डोक्यात काहीच शिरत नव्हतं. एवढ्यात दार उघडून रशीदभाई बाहेर आले.

“अरे दामादजी! ऐसे बाहर कायकू खडे? अंदर आव ना! तुमारी सास अंदरच हैं, वो मेहमानवाली बाई भी!”

त्यांचा आवाज ऐकून मामांनी कोपऱ्यातून डोकं काढलं. अप्पांनीही काढलं. दोघांची नजर भिडली. अप्पा विटांवरून खाली उतरले.

“तुमी... रेंज?” मामांनी विचारलं.

“तुमी... म्हैस?” अप्पांनी विचारलं.

आतून कप्तानाचा आवाज आला, “आता फक्त एकच जण पुढं जाऊ शकतो!” आणि पुढचं काही न बोलता दोन सोयरे एकमेकांना ढकलत दारातून आत घुसले. आत सतरंजीवर मामी आणि कमलबाई मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. कमलबाई पदरानं डोळे पुसत मामींना सांगत होत्या, “लोखंड्याला काही झालं ना, तर मी जेवनार न्हाई बगा.”

“आमचंबी तेच,” मामी म्हणाल्या. आणि विहिणींनी हात हातात घेतले.

अप्पा मामांच्या शेजारी टेकले. “तुमाला टीव्हीचा तिटकारा हाय म्हनं?”

“मला? तुमाला हाय म्हनं!”

“मी तर इचारलं होतं, बघतेत का म्हनून! आपन येऊ, बसू, बोलू, संगं शेवटचा भाग बघू, असं मनात होतं. तर हे म्हनले...”

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मामी आणि कमलबाईंनीही बघितलं. रशीदभाईंना काही माहिती नव्हतं, पण सगळे बघतायत म्हणून त्यांनीही बघितलं. मी हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात पडद्यावर यान हादरलं, कप्तानानं दांडा धरला, लोखंड्यानंही दांडा धरला, आणि—

लाईट गेली.

असा आरडाओरडा मी चाकूरमध्ये कधी ऐकला नव्हता. एका घरातून नाही, सगळ्या गल्लीतून! मामा छातीला हात लावून बसले. अप्पा म्हणाले, “कोनाकडं मोबाईलवर लागतंय का?” मामांचा फोन बटणांचा. अप्पांचा घरी टीव्हीजवळ चार्जिंगला राहिलेला. (मग रेंज कशाला शोधत होते, हे विचारायची ती वेळ नव्हती.) रशीदभाईंचा दुकानात.

“माझ्याकडं आहे!” मी म्हणालो.

त्या क्षणी मला सगळं माफ झालं. मला मध्ये बसवलं. मी मालिका लावली. तळहाताएवढ्या पडद्याभोवती सगळ्यांची डोकी जमली. अप्पांची दाढी माझ्या कानाला, मामांची हनुवटी माझ्या खांद्यावर, मामींच्या अंबाड्याचा आकडा माझ्या गालात. यान थरथरत होतं. दार बंद व्हायला लागलं. कप्तान म्हणाला, “मित्रा, मला माफ कर.” लोखंड्या काहीतरी बोलायला वळला...

आणि फोन वाजला. वंदना!

समजूतदार माणसानं तो कट केला असता. मी लग्न झालेला माणूस. बायकोचा फोन दिसला की, माझं बोट आपोआप उचलण्याच्या बाजूला सरकतं.

“कुठं मेलात सगळे?” वंदना ओरडली. “आम्ही खाली आलोय, घरात चिटपाखरू नाही! प्रशांतला वाटतंय, नकार देऊन गेले सगळे! सारिका रडायला लागलीय!”

मी “आलो, आलो” म्हणेपर्यंत फोनची बॅटरी संपली. पडदा काळा झाला. त्या काळ्या पडद्यात मला माझा चेहरा दिसला आणि त्याच्याभोवती पाच चेहरे. त्यातला एकही माझ्या बाजूचा नव्हता.

आम्ही परत घरी आलो तेव्हा दारात सारिका आणि प्रशांत उभे होते. सारिकाचे डोळे लाल. प्रशांतनं सगळा जीव गोळा केला आणि म्हणाला, “अप्पा, तुम्ही काय ठरवलंय मला माहीत नाही. पण आमचं ठरलंय.”

“तुझं राहू दे रे!” अप्पा कळवळून म्हणाले. “दांडा कोनी धरला, ते तुला माहीत हाय का?”

प्रशांतला काही कळेना. सारिकानं मात्र एकदा अप्पांकडं बघितलं, एकदा आपल्या वडिलांकडं, मग माझ्याकडं. “दाजी,” ती म्हणाली, “काय केलंत तुम्ही?”

मग चहा झाला. पहिल्यांदाच आग्रह करून, दोन दोन कप. टीव्हीवरचं कापड निघालं, जरी लाईट अजून आली नव्हती. मामा आणि अप्पा बाजेवर बसून कप्तानाचं काय झालं असेल यावर बोलत बसले आणि मध्येच कधीतरी, साखरपुडा कुठं करायचा ते ठरवून टाकलं. मामी आणि कमलबाईंचं तर सगळं आधीच ठरलं होतं. निघताना अप्पांनी मामांना मिठी मारली. “उद्या दुपारी एकला परत दाखवनार हायत. तोपर्यंत कोनाचं काही ऐकायचं न्हाई, सोयरे.”

“शप्पथ,” मामा म्हणाले. शिळं न बघणारा माणूस एका संध्याकाळीत शिळ्यावर आला होता.

सोमवारी सकाळी मी निघालो तेव्हा मामा कानाला उपरणं गुंडाळून शेताकडं चालले होते. रस्त्यात कोणी शेवट सांगू नये म्हणून! वंदना चार दिवस माहेरी राहणार होती. मी नांदेडच्या बसमध्ये बसलो, खिडकीची जागा मिळाली, फोन पूर्ण चार्ज होता. मी इकडं तिकडं बघितलं आणि शेवटचा भाग लावला.

मला काही त्या मालिकेचं वेड नव्हतं. पण कप्तानानं लोखंड्याला दारातून बाहेर ढकललं आणि स्वतः दांडा धरून उभा राहिला, तेव्हा अहमदपूरच्या पुढं माझा बांध फुटला. फोन खिशात ठेवला आणि रुमाल तोंडाला लावला तरी हुंदका बाहेर आलाच.

शेजारच्या बाईंनी पाठीवर हात ठेवला. “कोन गेलं, भाऊ?”

“कप्तान,” मी म्हणालो.

“अगं माय! सैन्यात होते का?”

“वर होते.” मी बोट वर केलं.

“वरच गेले म्हना आता.” त्यांनी उसासा टाकला. “मागं कोन हाय त्यांच्या?”

“लोखंड्या,” म्हणालो आणि परत रडायला लागलो.

बाईंनी कंडक्टरला सांगितलं. कंडक्टरनं ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरनं गाणी बंद केली. लोह्याला आमच्या कचेरीतला शिपाई गंगाधर बसमध्ये चढला. त्यानं माझा चेहरा बघितला, बाईंशी काहीतरी कुजबुजला आणि लांबूनच मला हात जोडले. नमस्कार करतोय असं समजून मीही जोडले.

कचेरीत पोचलो तर सगळे उभे. कोणी पाणी दिलं, कोणी खुर्ची दिली. साहेब स्वतः बाहेर आले. “सोमनाथराव, कळलं आम्हाला. चाकूरहून येताय, रडत येताय, आम्ही काय समजायचं ते समजलो. सासऱ्यांचं वय काय होतं हो?”

“सत्तरच्या जवळ आहेत,” मी म्हणालो. “का?”

साहेबांना वाटलं, धक्क्यानं माझं डोकं ठिकाणावर नाही. “आहेत म्हणतायत बिचारे,” ते गंगाधरला म्हणाले. “मी वहिनींनाच फोन लावलाय, सांत्वन करायला.” आणि त्यांनी फोन कानाला लावला. “हॅलो, वहिनी... कोण? वहिनी स्वयंपाकात आहेत? बरं, तुमच्या घरात जे झालं ते ऐकून फार वाईट वाटलं हो. त्यांचे वडील गेले ना... आपण कोण बोलताय?”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी फोन हळूच माझ्या हातात दिला.

“जावईबापू,” पलीकडून मामांचा आवाज आला. “मी मेलो म्हनं?”

“नाही नाही, मामा!” मी घाईघाईनं ओरडलो. “तुम्ही नाही मेलात! तुम्ही ठणठणीत आहात! कप्तान मेला!”

मामा अगदी हळू म्हणाले, “एक वाजायला फक्त अर्धा तास राह्यला होता, जावईबापू.”

आणि फोन बंद झाला. स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून ते इतके खचले नव्हते.

सारिका आणि प्रशांतचं लग्न चाकूरलाच झालं, थाटात. दोघं आता नांदेडला आमच्या घराजवळ राहतात आणि सारिका आजकाल लोकांना पूर्ण वाक्यात उत्तरं देते. लग्नात मांडवाच्या एका बाजूला मामा आणि अप्पा खांद्याला खांदा लावून उभे होते. थोरला जावई म्हणून मामांनी मला शाल पांघरली, फेटा बांधला, आणि फेटा नीट करायच्या निमित्तानं माझ्या कानाशी आले.

“नवी मालिका चालू झाली हाय,” ते म्हणाले. “समुद्राखालची. आज तिसरा भाग हाय, आनि आमी दोघंबी तो उद्या बघनार हावोत. तुमी तोंड उघडू नका.”

मी उघडलं नाही. नवरा-नवरीला आशीर्वादसुद्धा मी मनातल्या मनात दिला.